कोंबडीचा घसा आणि औषधाचे चार थेंब

झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून इंदुरात या काळ्या कोंबडीच्या मांसाच्या गुणांविषयी जेवढे बोलले जाते, त्या मानाने कोंबडीच्या घशाविषयी काहीच बोलले जात नाही. परसात हौसेने पाळलेली कोंबडी मान टाकून बसली, की एकाने तिला चितपट धरायचे, दुसऱ्याने चोच फाकवून चमचाभर औषध सरळ घशात ओतायचे, ही पद्धत बहुतेकांना स्वाभाविक वाटते. मूळ आजारातून जी वाचली असती, अशी कोंबडी या पद्धतीने दगावू शकते.

त्याचे कारण चोचीच्या आतच आहे. माणसाच्या श्वासनळीच्या तोंडाशी एक लवचीक झाकण असते, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पक्ष्यांमध्ये हे झाकण नसते. कोंबडीची चोच हळूच उघडून पाहिली, तर जिभेच्या मुळामागे एक लहानसा उंचवटा आणि त्यावर श्वासागणिक उघडझाप करणारी उभी फट दिसते. तीच श्वासनळीचे दार. कोंबडी स्वतः गिळते तेव्हा तेथील स्नायू ही फट आवळून घेतात, जीभ मागे सरकते, जिभेवरचे आणि उंचवट्यावरचे मागे वळलेले काटे घास पुढे ढकलतात आणि तो फटीवरून अन्ननलिकेत जातो. मात्र हे दार गिळण्याच्या क्रियेबरोबरच मिटते. गिळणे सुरू होण्याआधीच बाहेरून द्रव ओतला, तर तो उघड्या फटीतून श्वासनळीत उतरतो.

आपल्याला अशा वेळी जोराचा ठसका लागतो. कोंबडीला आपल्यासारखे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, नसल्यामुळे तसा जोर लावता येत नाही. तिची फुप्फुसे बरगड्यांना घट्ट चिकटलेली असून फारशी फुगत नाहीत. हवा खेळवण्याचे काम त्यांना जोडलेल्या पातळ वायुपिशव्या करतात, आणि आत घेतलेल्या हवेचा बराचसा भाग आधी मागच्या पिशव्यांत जाऊन मगच फुप्फुसांतून वाहतो. या पिशव्यांना रक्तपुरवठा फार कमी असतो. त्यामुळे तेथे पोचलेल्या द्रवातून जंतुसंसर्ग झाला, तर तो सहजासहजी हटत नाही. आजारी कोंबडीला लसणाचे तेल पाजण्याचा घरगुती उपाय म्हणूनच मला सर्वांत घातक वाटतो, कारण फुप्फुसात गेलेले तेल शोषलेही जात नाही आणि बाहेरही पडत नाही. दृष्ट काढल्याने निदान कोंबडीला इजा तरी होत नाही.

पाणी पिताना कोंबडी काय करते, हे पाहिले की औषध पाजण्याची रीत आपोआप सुचते. पारवा मान खाली ठेवूनच पाणी ओढून घेऊ शकतो, पण कोंबडी चोच बुडवते, घोटभर पाणी घेते आणि मान वर करून ते मागे जाऊ देते. म्हणून तिला उभ्या स्थितीत, पंख अंगाशी मिटवून, मात्र छाती न दाबता धरावे, कारण श्वास घेताना छातीचे हाड पुढे-खाली सरकावे लागते. सुई काढलेल्या सिरिंजने चोचीच्या कडेला एक-दोन थेंब सोडावेत, तिने ते गिळलेले दिसेपर्यंत थांबावे आणि मगच पुढचे थेंब द्यावेत. अन्ननलिका मानेत उजव्या बाजूला असते, म्हणून पशुवैद्य नळीने औषध देताना ती कोंबडीच्या डाव्या बाजूने आत घालून उजवीकडे मागे नेतात आणि थेट अन्नपिशवीत उतरवतात. गिळण्याचीही ताकद नसलेल्या कोंबडीसाठी हा मार्ग योग्य असतो, परंतु तो शिकल्याशिवाय घरी करू नये. इंदूरपासून जवळच महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

पिण्याच्या पाण्यात औषध मिसळणे सोपे असले, तरी आजारी कोंबडी पाणीच कमी पिते, त्यामुळे नेमकी मात्रा पोटात जाईल याची खात्री नसते. शिवाय राणीखेतसारखा आजार विषाणूजन्य असतो, त्यावर प्रतिजैविक चालत नाही, म्हणून औषध कोणते हे पशुवैद्यानेच ठरवावे. औषध चालू असताना आणि ते थांबवल्यानंतर किती दिवस अंडी खाऊ नयेत, हेही त्यांनाच विचारून घ्यावे.