गुन्हेगारीपटाचा पहिला सीन आणि पात्राची ओळख

गुन्हेगारीपटात पहिल्या काही मिनिटांतच मुख्य माणूस कोण आहे, त्याचा दरारा किती, तो कशाला कचरतो आणि कशाला नाही, हे कुणाच्या तोंडून न सांगता कॅमेरा, उजेड, आवाज आणि एडिटिंग यातून दाखवायची जी पद्धत आहे तिच्याबद्दल ही नोंद. पात्राची ओळख सगळ्याच सिनेमांत करून द्यावी लागते, पण इथे अडचण जास्त असते, कारण ज्याच्यासोबत प्रेक्षकाला दोन-अडीच तास घालवायचेत तो खुनी किंवा टोळीवाला असतो. त्यामुळे दिग्दर्शकाला सगळ्यात आधी ठरवावं लागतं की प्रेक्षकाला ह्या माणसापासून किती लांब ठेवायचं. चेहरा कधी दाखवायचा, माणूस आधी की गुन्हा आधी, कुणाचा आवाज ऐकू येणार, हे सगळे निर्णय शेवटी त्या अंतराचेच असतात.

बोलपट नुकते आले होते तेव्हाच हे तंत्र बरंच पक्कं झालं होतं. फ्रिट्झ लांगचा 'एम' १९३१ चा, त्याचा हा पहिला बोलपट. सुरुवातीला नुसता आवाज, लहान मुलं गोल करून एका खुन्यावरचं गाणं म्हणतायत, मग एल्सी नावाची मुलगी शाळेतून येताना चेंडू आपटत आपटत एका खांबाशी थांबते, खांबावर खुन्याला पकडून देणाऱ्यासाठी इनामाची नोटीस लावलेली, आणि त्या नोटिशीवर एका माणसाची सावली पडते. तो तिला म्हणतो, चेंडू छान आहे तुझा. बस, एवढंच. पुढे तो तिला आंधळ्या फुगेवाल्याकडून फुगा घेऊन देतो आणि शिट्टीवर संगीतकार ग्रीगची एक धून वाजवतो. खून दाखवलेलाच नाही. आईच्या हाका ऐकू येत राहतात आणि पडद्यावर रिकामा जिना, टेबलावरची रिकामी ताटली, गवतात घरंगळत आलेला चेंडू, तारांमध्ये अडकलेला फुगा. खुन्याचा चेहरा आपण नीट पाहिलेला नसतो तरी त्याची शिट्टी डोक्यात बसते, आणि पुढे तोच आंधळा फुगेवाला त्याला त्या शिट्टीवरूनच ओळखतो. म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत पात्राला दिलेली खूण नंतर कथेलाच उपयोगी पडते. खुन्याचं काम करणाऱ्या पीटर लॉरेला शिट्टी वाजवता येत नव्हती म्हणून ती लांगने स्वतः वाजवली.

पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, हॉवर्ड हॉक्सच्या 'स्कारफेस'मध्येही टोळीवाला टोनी कामोंते आधी सावली म्हणूनच येतो आणि तोही शिट्टी वाजवतच. पार्टी संपलेली, हॉलमध्ये पसारा, कॅमेरा न तुटता एकाच शॉटमध्ये फिरत असतो आणि शेवटी सावलीच गोळ्या घालते. ह्या सिनेमाच्या सुरुवातीला टोळीराजचा निषेध करणारा मजकूर लावलेला आहे. मजकूर सांगतो की ह्या लोकांचा धिक्कार करा, आणि लगेच पुढचा शॉट त्या माणसाला इतकं गूढ करून टाकतो की नजर हलत नाही. अमेरिकन गुन्हेगारीपटातली ही ओढाताण तिथपासूनची आहे, आणि माझ्या मते दरवेळी कॅमेराच जिंकलाय.

ह्या विषयात १९७२ चा 'द गॉडफादर' टाळून पुढे जाताच येत नाही. पडदा काळा, अंधारातून आवाज येतो की माझा अमेरिकेवर विश्वास आहे, मग बोनासेरा नावाच्या माणसाचा चेहरा उजळतो. त्याच्या मुलीला दोन पोरांनी मारहाण केलीय, कोर्टाने त्यांना शिक्षा सुनावून लगेच सोडूनही दिलंय, आणि तो न्याय मागायला आलाय. कोणाकडे आलाय ते दिसत नाही. कॅमेरा अतिशय हळू मागे सरकत जातो, सरकत जातो म्हणजे खरं तर झूम आहे, त्याचा वेग आधीच यंत्रात ठरवून ठेवलेला होता, आणि जवळपास तीन मिनिटं तो थांबत नाही. सुरुवातीला बोनासेरा पूर्ण फ्रेम भरून असतो, हळूहळू तो लहान होत जातो आणि पुढ्यात एक खांदा, डोक्याची मागची बाजू, एक हात यायला लागतो. तो रडायला लागतो तेव्हा तो हात नुसता जरासा हलतो आणि कोणीतरी लगेच त्याला ड्रिंक आणून देतं. हा हात ज्याचा, त्या टोळीप्रमुख व्हीटो कॉर्लिओनेबद्दल आपल्याला तोवर कोणीही काहीही सांगितलेलं नसतं, पण ह्या खोलीत कुणाचं चालतं ते कळून चुकलेलं असतं. मग बोनासेरा उठून त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटतो, ते आपल्याला ऐकू येत नाही, आणि त्यानंतर पहिला कट, व्हीटोचा चेहरा, आणि चेहरा दिसल्यावरचं त्याचं पहिलं बोलणं म्हणजे नकार.

इथे प्रेक्षकाला कुठे बसवलंय ते बघा. आपण विनवणी करणाऱ्याच्या बाजूला नाही, व्हीटोच्या खांद्यामागे आहोत, त्याच्या माणसांच्या रांगेत. त्याचे गुन्हे कळण्याआधीच आपण त्याच्या बाजूने खोलीकडे बघायला लागतो. छायाचित्रकार गॉर्डन विलिसने उजेड वरून टाकला, त्यामुळे व्हीटो झालेल्या मार्लन ब्रँडोच्या डोळ्यांच्या खोबणीत अंधार राहतो आणि हा माणूस काय विचार करतोय ते वाचता येत नाही. डोळे दिसत नाहीत म्हणून तेव्हा तक्रारीही झाल्या, पण मला वाटतं हा अंधार काढला तर अर्धा व्हीटो तिथेच संपेल. मांडीवरचं मांजर स्क्रिप्टमध्ये नव्हतं, स्टुडिओत फिरणारं मांजर दिग्दर्शक कोपोलाने उचलून ब्रँडोला दिलं, आणि तो एकीकडे अपमान झाल्याचं सुनावतोय आणि दुसरीकडे त्याचा हात मांजराला कुरवाळतोय हे एकाच फ्रेममध्ये दिसतं. खोलीबाहेर लख्ख उन्हात लग्न चाललंय, गाणी, गर्दी, आणि एडिटिंग आपल्याला त्या उजेडातून ह्या अंधारात नेत-आणत राहतं. मारिओ पुझोच्या १९६९ च्या कादंबरीत बोनासेरा आधी कोर्टात भेटतो. सिनेमाने ते कोर्ट दाखवलंच नाही, सगळं त्याच्या तोंडून ऐकवलं, आणि त्यामुळे पडद्यावर न्यायाची जागा एकच उरली, ती खोली.

याच्या अगदी उलट्या टोकाला झाँ-पिएर मेलव्हिलचा 'ल सामुराई', १९६७. एका भाडोत्री मारेकऱ्याची राखाडी खोली, पिंजऱ्यात एक पक्षी, त्याची चिवचिव, आणि पलंगावर माणूस पडलाय हे सिगरेटचा धूर वर जाईपर्यंत लक्षातही येत नाही. पहिली दहाएक मिनिटं एक शब्द नाही. जेफ कोस्तेलो उठतो, कोट घालतो, आरशासमोर हॅटच्या कडेवरून बोट फिरवतो, खाली येऊन दुसऱ्याच्या गाडीत बसतो आणि जुडग्यातली एकेक किल्ली शांतपणे लावून बघतो, समोर बघत, घाई नाही, भीती नाही. जेफ झालेल्या आलाँ द्लाँचा चेहरा तर सतत समोर असतो पण त्यातून काहीच मिळत नाही, जे काही कळतं ते त्याच्या हातांच्या सवयींतून. व्हीटोचा दरारा आजूबाजूच्या माणसांमुळे दिसतो, जेफचा एकटेपणा वस्तूंमुळे. मला हा सीन जास्त अवघड वाटतो, कारण इथे टेकायला एक संवादसुद्धा नाही.

मार्टिन स्कॉर्सेसीने 'गुडफेलाज'मध्ये (१९९०) गुन्हाच आधी ठेवला. रात्र, गाडीत तिघं, मागच्या डिकीतून धडधड आवाज. गाडी थांबते, डिकी उघडते, मागच्या लाल दिव्यांच्या उजेडात टॉमी सुरा चालवतो, जिमी गोळ्या घालतो, आणि हेन्री बघत उभा राहतो. हेन्री पुढे होऊन डिकी बंद करतो, कॅमेरा त्याच्याकडे झेपावतो, फ्रेम गोठते आणि त्याचाच आवाज सांगतो की मला पहिल्यापासून गँगस्टरच व्हायचं होतं, आणि लगेच दणक्यात गाणं. चेहऱ्यावर धास्ती आहे आणि आवाजात हौस आहे, हे दोन्ही एकमेकांवर ठेवले की हेन्री तयार होतो. तिघांची तीन कामं तीन स्वभाव सांगतात: एक भडकू, एक थंड, एक डिकी लावून घेणारा. हाच प्रसंग सिनेमाच्या मध्यात परत येतो तेव्हा डिकीत कोण आहे हे माहीत असतं आणि तो वेगळाच जड वाटतो.

आपल्याकडे 'दीवार'ची (१९७५) सुरुवात बघण्यासारखी आहे. गुन्हेगार मुलगा पडद्यावर नाहीच. इन्स्पेक्टर मुलाचा सत्कार चाललाय, तो मान आईला देतो, आणि आईचा चेहरा बघता बघता भूतकाळात जातो. तो गुन्हेगार मुलगा, विजय, त्या समारंभात नाही, आणि त्याच्या नसण्यानेच तो पहिल्यांदा जाणवतो.

पहिला सीन गाजला म्हणजे त्यात पात्र उभं राहिलंच असं मात्र नाही. ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल'चा (१९५८) सव्वातीन मिनिटांचा एकसंध शॉट सगळीकडे शिकवला जातो, गाडीत बॉम्ब ठेवला जातो आणि क्रेनवरचा कॅमेरा सरहद्दीवरच्या गर्दीतून तिचा पाठलाग करतो, पण त्यात ताण आणि जागा उभी राहते, माणूस नाही. सिनेमातला भ्रष्ट पोलीस अधिकारी क्विनलान खऱ्या अर्थाने नंतर येतो, गाडीतून बाहेर पडताना, कॅमेरा खाली ठेवून घेतलेल्या एका शॉटमध्ये, आणि त्याचं अवजड शरीर, घाम, मग्रुरी हे सगळं त्या एका शॉटमध्ये येऊन जातं. सुरुवातीच्या शॉटवर स्टुडिओने श्रेयनामावली आणि हेन्री मँचिनीचं संगीत चढवलं होतं. वेल्सने आपल्या हरकतींचं ५८ पानी टिपण लिहिलं, आणि त्यानुसार १९९८ मध्ये वॉल्टर मर्चने पुन्हा एडिट केलेल्या आवृत्तीत नावं निघाली आणि संगीताच्या जागी रस्त्यावरचे, दुकानांतले, गाडीच्या रेडिओतले आवाज आले.