पचनाचा आहार आणि पूरके (नाशिक परिसर)

अन्न नीट जिरावे, पोट साफ व्हावे, गॅस आणि जळजळ होऊ नये म्हणून रोजच्या जेवणात पाळली जाणारी रीत म्हणजे पचनाचा आहार. त्याच हेतूने जेवणाव्यतिरिक्त जी चूर्णे, इसबगोल, एन्झाइमच्या गोळ्या किंवा उपयुक्त जिवाणूंच्या कॅप्सूल घेतात, त्यांना पचनपूरके म्हणतात. नाशिक जिल्ह्यात ताटातले धान्य तालुक्यागणिक बदलते, म्हणून पचनाची गोष्टही बदलते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या भरपूर पावसाच्या डोंगराळ तालुक्यांत नागली (नाचणी), वरई आणि भात. सिन्नर, येवला, नांदगावकडे बाजरी. शहरात पोळी, पांढरा भात आणि सुटीच्या सकाळी मिसळ.

पोट साफ होण्याचा मुख्य आधार म्हणजे धान्य, डाळी, भाज्यांमधला चोथा, अर्थात तंतुमय भाग. प्रौढ माणसाला तो दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम लागतो. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, बाजरीत जवळपास तेवढेच. पॉलिश केलेल्या तांदळात मात्र ३ ग्रॅमहूनही कमी. गहूही यात मागे नाही, पण पीठ बारीक चाळून कोंडा टाकला की त्याचा हा गुण बराचसा चाळणीतच राहतो. पश्चिमेकडच्या घरांत आधणाच्या पाण्यात नागलीचे पीठ घालून उकड काढतात, ती गरम असतानाच मळतात, भाकर थापून तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवतात. सोबत खुरासणीची चटणी आणि उडदाची आमटी किंवा हुलगे. अशा दोन भाकरींत दिवसाच्या गरजेचा मोठा वाटा भागतो. हे धान्य ज्या जिल्ह्यात पिकते, तिथेच शहरातल्या ताटातून ते नाहीसे व्हावे आणि त्याची जागा औषधाच्या दुकानातल्या डब्याने घ्यावी, ही खरोखर खेदाची बाब आहे.

मिसळीने पोट बिघडते, ही तक्रार अर्धीच खरी. मटकीत रॅफिनोज, स्टॅकिओज या जातीच्या शर्करा असतात. त्या फोडणारे एन्झाइम माणसाच्या आतड्यात नसते. त्या न पचता मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि गॅस होतो. मटकी रात्रभर भिजवून ते पाणी ओतून दिले आणि फडक्यात बांधून चांगले मोड आणले, की या शर्करा बऱ्याच कमी होतात. मोडाची मटकी म्हणजे निम्मे पचन स्वयंपाकघरातच उरकलेले असते. त्रास देतो तो बहुधा रस्सा: वर तरंगणारे तेल जठर रिकामे व्हायला वेळ लावते, तिखटाने जळजळ वाढते, आणि रस्सा पुन्हा पुन्हा मागून घेतला जातो. कच्च्या कांद्यातले फ्रुक्टान आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचे खाद्य आहे, पण ज्यांचे आतडे संवेदनशील आहे त्यांना त्यानेच पोट फुगते. मटकी जास्त, रस्सा बेताचा आणि सोबत दही, अशी मिसळ बहुतेकांना सोसते.

उपवासाचे वेगळे. श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरला जाणाऱ्यांच्या फराळात साबुदाणा असतो. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात चोथा नाममात्रच. त्यापेक्षा भगर आणि दाण्याची आमटी पोटाला हलकी. मात्र दमट जागी राहिलेल्या भगरीवर आणि विशेषतः तिच्या पिठावर ॲस्परजिलस जातीची बुरशी धरते आणि विषबाधा होऊ शकते. म्हणून सुटे पीठ आणू नये. भगर निवडून, धुऊन, लागेल तेवढीच घरी दळावी.

पूरकांमध्ये सर्वांत भरवशाचे इसबगोल. हा एका बीचा भुसा. पाण्यात पडताच फुगून लिबलिबीत होतो आणि मळाला मऊपणा देतो. म्हणूनच तो पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा असतो. कोरडा किंवा घोटभर पाण्यासोबत घेतला तर घशात अडकू शकतो. हिरडा, बेहडा, आवळा यांचा त्रिफळा आणि जेवणाच्या पहिल्या घासाला तुपातून घ्यायचे हिंगाष्टक घरोघरी ठाऊक आहेत. पोट साफ करणाऱ्या बऱ्याच तयार चूर्णांत सोनामुखी असते, ती आतड्याला चेतवून काम करते; डॉक्टरांना न विचारता ती महिनोन्‌महिने घेऊ नये. शौचाची सवय अचानक बदलली, रक्त दिसले किंवा वजन उतरू लागले, तर चूर्ण बाजूला ठेवून तपासणी करावी. एन्झाइमच्या गोळ्यांचा खरा उपयोग स्वादुपिंड नीट काम करत नसलेल्या रुग्णांना होतो. निरोगी माणसाला त्यांची गरज नसते.

जिवाणूंच्या कॅप्सूलचा परिणाम कोणता वाण आणि किती मात्रा यांवर ठरतो, त्यामुळे एकाला लागू पडली ती दुसऱ्याला पडेलच असे नाही. घरच्या दह्यात कोणते जिवाणू किती, हे मोजलेले नसते; पण विरजताना दुधातली काही साखर जिवाणूच संपवतात, म्हणून दूध न पचणाऱ्यांनाही ताक बहुधा सोसते. कढीला उकळी आली की ते जिवाणू उरत नाहीत. भाकरीसोबत जिवंत ताक हवे असेल तर ते न तापवताच, जिरेपूड आणि मीठ घालून प्यावे.