आंतरकर्णातील चेतातंतू मेंदूची वाट कशी शोधतात?

चीनमध्ये जन्मतः बहिऱ्या असलेल्या सहा मुलांवर जनुकोपचार करण्यात आले आणि त्यांपैकी पाच जणांना ऐकू येऊ लागले, ही बातमी जानेवारी २०२४ मध्ये सर्वत्र झळकली. तिच्यासोबत ‘आता बहिरेपणा कायमचा बरा होणार’ असे दावेही पसरले. उपचाराचे यश मोठे आहे. दाव्यांविषयी मात्र सावध राहायला हवे. या मुलांमध्ये ओटोफर्लिन या प्रथिनाचे जनुक सदोष होते. त्यांच्या कानातील केशपेशी ध्वनीची कंपने टिपत होत्या, चेतातंतू जागच्या जागी होते, मेंदूपर्यंतची जोडणीही झालेली होती. केशपेशीकडून चेतातंतूकडे रासायनिक संदेश तेवढा सोडला जात नव्हता. तो एक दुवा दुरुस्त करता आला, कारण बाकीची सगळी उभारणी गर्भावस्थेतच पार पडली होती. ती उभारणी ज्या रीतीने होते, ती मला जीवशास्त्रातील सर्वांत विलक्षण गोष्टींपैकी एक वाटते.

कानाची नस मेंदूतून निघून कानापर्यंत येते, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात घडते ते उलट. मानवी गर्भाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डोक्याच्या दोन्ही बाजूंना बाह्यस्तराचा, म्हणजे गर्भाच्या सर्वांत बाहेरच्या पेशीथराचा, एक लहानसा भाग जाड होतो, आत दुमडतो आणि त्याची बंद पिशवी बनते. पुढे याच पिशवीपासून तोल सांभाळणारे अवयव आणि ध्वनी टिपणारी वेटोळी नलिका, म्हणजे कॉक्लिया, घडते. पिशवीच्या भिंतीतील काही पेशींमध्ये न्यूरोजेनिन-१ हे जनुक कार्यरत होते. त्या पेशी भिंतीपासून सुटून बाहेर पडतात आणि पिशवी व मेंदू यांच्यामध्ये गोळा होतात. याच पुढे चेतापेशी होतात. प्रत्येकीला दोन तंतू फुटतात. एक मागे फिरून केशपेशींकडे जातो आणि दुसरा मेंदूकडे निघतो. माणसाच्या प्रत्येक कानात श्रवणासाठी अशा सुमारे ३०,००० चेतापेशी असतात.

वाढत्या तंतूच्या टोकाशी वृद्धिशंकू नावाची रचना असते. सान्तियागो रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या मज्जारज्जूत तिचे वर्णन केले. आंधळ्याने बोटांनी भिंत चाचपावी तसे तिचे बारीक प्रवर्ध सतत पुढे येतात, आजूबाजूचा पृष्ठभाग तपासतात आणि आखडतात. त्यांच्यावर ग्राही, म्हणजे बाहेरचे संकेत झेलणारी प्रथिने असतात. त्यांच्यामार्फत काही रेणू तंतूला ओढून घेतात, तर काही परतवून लावतात. कॉक्लियाच्या बाजूला याचे सुबक उदाहरण दिसते. तेथील ९० ते ९५ टक्के चेतापेशींचे तंतू केशपेशींच्या आतल्या रांगेपाशीच थांबतात, आणि त्यांना बाहेरच्या रांगांमध्ये शिरू न देण्यात सेमाफोरिन-३एफ या परतवणाऱ्या रेणूचा वाटा असतो.

मेंदूच्या बाजूचा प्रवास अधिक कोड्यात टाकणारा आहे. वाट ठरवतो कोण, कान की मेंदू? याचे उत्तर मिळवण्यासाठी झेनोपस जातीच्या बेडकांच्या गर्भांवर केलेले प्रयोग मला अप्रतिम वाटतात. गर्भातून कानाची कोवळी पिशवी उचलून ती दुसऱ्या गर्भात, कधी डोळ्याच्या जागी तर कधी मज्जारज्जूजवळ, बसवण्यात आली. तेथे कान वाढला आणि त्याचे तंतू परक्या ठिकाणाहूनही आत शिरले. मज्जारज्जूजवळच्या कानाचे तंतू मज्जारज्जूच्या पाठीकडच्या बाजूने प्रवेश करून वर चढत गेले आणि पश्चमस्तिष्कातील, म्हणजे मेंदूच्या मागच्या भागातील, तोलाच्या केंद्रापर्यंत पोचू शकले. नेहमीची सुरुवात हुकली तरी दिशेचे भान टिकते, असा याचा अर्थ आहे.

हे भान कशावर चालते? पश्चमस्तिष्काच्या पाठीकडच्या कडेतून डब्ल्यूएनटी गटातील प्रथिने पाझरतात, पोटाकडच्या कडेतून सॉनिक हेजहॉग हे प्रथिन पाझरते. कडेपासून जितके दूर जावे तितकी त्यांची मात्रा घटते, त्यामुळे प्रत्येक उंचीवर दोहोंचे प्रमाण वेगळे असते. डब्ल्यूएनटीचा संकेत झेलणाऱ्या ग्राहींपैकी एक आहे फ्रिझल्ड-३. फ्रिझल्ड-३ नसलेला कान सामान्य बेडकात बसवला, तर त्याचे तंतू पश्चमस्तिष्कात भरकटतात. सामान्य कान फ्रिझल्ड-३ नसलेल्या बेडकात बसवला, तर तंतू नीट जातात. म्हणजे ग्राही लागतो तो कानात. पण कानातील कोणत्या पेशीत? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील संशोधनात फ्रिझल्ड-३चे जनुक एकदा फक्त केशपेशींतून आणि एकदा फक्त कानाच्या चेतापेशींतून काढून टाकण्यात आले. पहिल्या प्रकारात मेंदूतील रचना शाबूत राहिली, दुसऱ्या प्रकारात ती विस्कटली. संकेत वाटेवर पसरलेले असतात, परंतु ते वाचण्याची क्षमता प्रवासी चेतापेशीच्या स्वतःच्या अंगी असावी लागते.

केवळ योग्य केंद्र गाठून भागत नाही, तेथे क्रमही जपावा लागतो. कॉक्लियाच्या तळाशी उच्च वारंवारितेचे आणि टोकाशी नीच वारंवारितेचे ध्वनी टिपले जातात, आणि हीच मांडणी मेंदूतील श्रवणकेंद्रकातही उतरते. उंदरांत तळाकडच्या चेतापेशी आधी जन्मतात, टोकाकडच्या नंतर. तंतूंच्या मांडणीत या जन्मक्रमाचा हात असावा, असे मानले जाते. न्यूरोडी-१ हे जनुक निकामी केलेल्या उंदरांत हा नकाशा बिघडतो. पुढे त्याला धार आणणारी हालचालही कानातूनच येते. श्रवण सुरू होण्याआधी कॉक्लियातील आधारपेशी एटीपी हा रेणू सोडतात, त्याने शेजारच्या केशपेशी उद्दीपित होतात आणि बाहेर पूर्ण शांतता असतानाही चेतातंतूंतून संदेशांच्या लहरी जाऊ लागतात. हे २००७ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांत दाखवण्यात आले.

म्हणूनच पहिल्या तिमाहीपासून पोटावर लावायची संगीतयंत्रे विकणाऱ्यांचा, त्यामुळे बाळाचा मेंदू अधिक तल्लख होतो, हा दावा मला संतापजनक वाटतो. साधारणपणे सहावा महिना उलटेपर्यंत गर्भ आवाजाला खात्रीशीर प्रतिसाद देत नाही, आणि वर सांगितलेल्या जोडणीला बाहेरच्या सुरावटीची गरज नसते.

ही जोडणी नसेल तर काय होते, हे काही बालकांत दिसते. कॉक्लियात बसवले जाणारे श्रवणरोपण केशपेशींना वगळून थेट चेतापेशींना विद्युत संदेश देते आणि तळापासून टोकापर्यंतच्या स्वरक्रमाचा उपयोग करून घेते. परंतु श्रवणाची नसच तयार झालेली नसेल, तर ते निरुपयोगी ठरते. अशा वेळी इलेक्ट्रोड मस्तिष्कस्तंभातील श्रवणकेंद्रकावर बसवावे लागतात. त्यातून मिळणारे श्रवण बहुधा तुटपुंजे असते, कारण तेथे स्वरांचा क्रम पृष्ठभागावर पसरलेला नसून आत खोलवर उतरत गेलेला असतो आणि वरून ठेवलेल्या इलेक्ट्रोडना तो वेगवेगळा गाठता येत नाही.