गिरणी-जागेचा पुनर्विकास (खानदेश)

बंद पडलेल्या कापडगिरणीची जागा घरे, दुकाने, कचेऱ्या व सार्वजनिक वापरासाठी पुन्हा उपयोगात आणणे. मूळ इमारत राखून केलेला पुनर्वापर आणि ती पाडून केलेली नवी बांधणी, दोन्ही याच नावाने ओळखल्या जातात. शहराच्या हाती मात्र अगदी वेगळ्या गोष्टी उरतात.

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) खानदेशी कापसाला भाव चढला, त्याच दशकात लोहमार्ग आला आणि १८७० च्या दशकात मुळजी जेठा यांच्या पेढीने जळगावात खानदेश मिल उभारली. पुढे अमळनेर व धुळे येथे प्रताप शेठ यांच्या, तर चाळीसगावात लक्ष्मीनारायण गिरणी निघाली. माल चढवायला सोपे म्हणून गिरणी स्थानकालगत बांधत. गिरणी बंद पडल्यावर याच शेजारामुळे जमिनीला सोन्याचा भाव आला. जळगाव स्थानकाजवळ खानदेश मिलच्या जागेवर आज ‘खानदेश सेंट्रल’ हे व्यापारी संकुल आहे.

पुनर्वापराच्या दृष्टीने गिरणीतली सर्वांत मोलाची वास्तू म्हणजे विणाई खात्याची शेड. तिचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असते. प्रत्येक दात्याची उभी, काचेची बाजू उत्तरेकडे आणि उतरती, झाकलेली बाजू दक्षिणेकडे. त्यामुळे ऊन थेट आत येत नाही, पण तुटलेला धागा दिसेल इतका सारखा उजेड दिवसभर मिळतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात हा गुण फार मोठा आहे. मधे भिंती नसल्याने अशा शेडमध्ये बाजार, वाचनालय, प्रदर्शन, नाट्यगृह काहीही मावते. गाळे आपल्या शहरांत कुठेही बांधता येतात. असा छताखालचा मोकळा चौक पुन्हा कोणी बांधत नाही.

मूळ वास्तू राखून केलेल्या पुनर्वापराचे उदाहरण गिरण्यांबाहेरही सापडते: लंडनमध्ये १९८३ साली बंद पडलेले बॅटरसी वीजकेंद्र २०२२ मध्ये घरे, कचेऱ्या व दुकानांसह खुले झाले. तिथल्या चारही चिमण्या उतरवून मूळ नमुन्याबरहुकूम पुन्हा बांधल्या गेल्या. मुंबईत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: मोकळी जागा, सार्वजनिक घरबांधणी आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. हा नियम बृहन्मुंबईपुरताच होता. खानदेशातील गिरण्यांना अशी अट असती, तर निदान एखादे मैदान शहराच्या वाट्याला हक्काने आले असते.

पुनर्विकासाचा हिशेब कामगारांच्या थकीत देण्यांपासून सुरू व्हायला हवा. १९८५ च्या दुरुस्तीनंतर कंपनी कायद्याने अवसायनात (कंपनी गुंडाळून तिची मालमत्ता विकून देणी भागवताना) ही देणी तारणधारक कर्जदात्यांच्या बरोबरीला आणली. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत ही बरोबरी अवसायन सुरू होण्याआधीच्या २४ महिन्यांच्या देण्यांपुरती आहे.