पडद्यावरचा काळा रंग कुठून येतो?

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बसदी या जैन मंदिराच्या छताचा फोटो मोबाइलवर पाहावा. १२०४ सालच्या त्या काळ्या दगडातल्या कमळाची पाकळी न् पाकळी उठून दिसते. तोच फोटो मंडळाच्या हॉलमध्ये पडद्यावर टाकला की दगड राखाडी होतो, सावलीतलं कोरीवकाम पुसलं जातं. मग दोष प्रोजेक्टरवर जातो आणि जास्त ल्युमेनचा, म्हणजे जास्त उजेड टाकणारा, प्रोजेक्टर भाड्याने आणायचं ठरतं. माझ्या मते हे पैसे वाया जातात.

प्रोजेक्टर उजेड टाकतो. अंधार टाकणं त्याला शक्यच नाही. फोटोतल्या काळ्या जागी तो उजेड रोखून धरतो, त्यामुळे तिथे दिसतो तो खोलीतलाच उजेड.

हिशोब करून पाहू. ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर २ मीटर रुंद, सव्वा मीटरहून थोड्या कमी उंचीच्या चित्रावर साधारण १३०० लक्स (दर चौरस मीटरवर पडणाऱ्या ल्युमेनचं माप) उजेड पाडतो. ट्यूबलाइटचे १५० लक्स पडद्यावर येत असतील, तर पांढरा भाग काळ्याच्या जेमतेम दहापट उजळ. दिवे घालवून, खिडक्यांना जाड पडदे लावून तेच ५ लक्सवर आणले, तर हे प्रमाण दोनशेच्या वर जातं. दुप्पट ल्युमेनचा प्रोजेक्टर ते फार तर दुपटीच्या आसपास नेईल. अख्खी भिंत भरायचा मोहही आवरावा: चित्राची रुंदी निम्मी केली की तोच उजेड चौपट दाट पडतो. पडद्याशेजारच्या चुन्याच्या पांढऱ्या भिंतीसुद्धा उजेड परत पडद्यावर फेकतात. तिथे गडद कापड टांगलं तरी फरक दिसतो.

फोटोच्या आकाराची चिंता त्यामानाने कमी. फुल एचडी प्रोजेक्टर १९२० × १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपकेच दाखवतो, मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो त्याला पुरून उरतो. फक्त तो व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून मागवू नये, डॉक्युमेंट म्हणून मागवावा. नाहीतर बारकावे वाटेतच गळतात.

प्रोजेक्टर तिरका ठेवून कीस्टोनने, म्हणजे वाकडं चित्र चौकोनी करणाऱ्या सेटिंगने, चित्र सरळ केलं की काही ठिपके वाया जातात, कडा मऊ पडतात. टेबल सरकवून तो पडद्यासमोर सरळ ठेवावा. आणि प्रोजेक्टरच्या चित्राच्या सेटिंगमधला ‘डायनॅमिक’ मोड बंद करावा. जास्तीत जास्त उजेडासाठी त्यात बहुधा हिरवा रंग वाढवलेला असतो. खानापूरच्या पावसाळी जंगलाचे फोटो त्यात भडक, खोटे दिसतात. ‘सिनेमा’ किंवा ‘एसआरजीबी’ मोडमध्ये ती हिरवाई मूळच्या जवळ येते.