झापडं काढल्यावर घोड्याला काय दिसतं

मार्गशीर्षाच्या अखेरीस नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावात खंडोबाची यात्रा भरते. घोडेबाजारात गिऱ्हाईक आधी अंगावरच्या केसांचे भोवरे बघतं, देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) आहे का ते बघतं, जनावर पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंडावर पांढरं, निघालं तर भाव वाढतो. या सगळ्यात घोड्याचा एक कान गिऱ्हाइकाकडे आणि दुसरा मागे वाजणाऱ्या हलगीकडे असतो. तोही पारखच करत असतो, पण ही गोष्ट लिखाणात यायला फार उशीर झाला.

भोवऱ्यांचा हिशेब जुन्या अश्वशास्त्रातला. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेल्या या विद्येत लक्षणं आहेत, रोग आहेत, औषधं आहेत. (घोडावैद्याला हिंदी-उर्दूत ‘सलोतरी’ म्हणतात, तो शब्द इथलाच.) मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवलं. त्याच्या गनिमी लढाईची सगळी भिस्त चपळ घोड्यांवर. घोडं कशाला बुजतं हे त्या स्वारांना पक्कं ठाऊक असणार. पण असलं शहाणपण पागेतल्या पागेतच मुरतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टापा मारून गणितं सोडवायचा. १९०७ मध्ये मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंगस्ट यांनी त्याचं गुपित उघड केलं. झापडं लावून प्रश्न विचारणारा दिसेनासा केला की हान्सचा हिशेब चुके. बरोबर आकड्याला विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हलायची आणि हान्स तेवढ्यावर थांबायचा. मला तर गणितापेक्षा हेच भारी वाटतं.

डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे घोड्याला जवळपास ३५० अंशांचा परिसर दिसतो. दिसत नाही ते कपाळासमोरचं थोडंसं आणि थेट शेपटीमागचं. ‘साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये’ हे उगाच नाही. रंगांचं म्हणाल तर त्याला निळा-पिवळा वेगळा ओळखू येतो, लाल-हिरव्यात गोंधळ होतो. खंडोबाचा भंडारा पिवळा दिसत असेल, नवरदेवाच्या लाल फेट्याचं काही सांगता येत नाही. माणसाचा कान २० हजार हर्ट्झला थांबतो, घोड्याचा ३३ हजारांच्या पुढे जातो.

ओठांभोवतीच्या राठ केसांची दखल मात्र अगदी अलीकडची. शोभेसाठी ते कापण्याची पद्धत होती. असे केस कापलेले घोडे आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या स्पर्धांत जुलै २०२१ पासून चालत नाहीत. नाकाखालचं घोड्याला दिसत नाही. तोबऱ्यात हरभरा किती उरला, ते तो ओठांनी आणि याच केसांनी चाचपतो.