बोन्साय प्रदर्शनातील वृक्षओळख

उथळ कुंडीत वाढवलेल्या ठेंगण्या झाडांची, म्हणजे बोन्सायची, घडण न्याहाळणे आणि ती कोणत्या जातीची आहेत हे नजरेने ओळखणे, असा हा छंद. बोन्सायचे मूळ चीनमध्ये असून तिचे आजचे रूप जपानात घडले. टोकियोत १९३४ साली सुरू झालेले कोकुफू प्रदर्शन या कलेत फार मानाचे समजतात. कोकणच्या दमट, उष्ण हवेत थंडी मागणारे पाइन नीट टिकत नाहीत. किनाऱ्याच्या हवेला मानवतात ती वड, पिंपळ, उंबर, नांदरूक, चिंच, करवंद, बकुळ (ओवळ) आणि सुरू ही परिचयाचीच झाडे.

झाड ठेंगणे ठेवले तरी त्याची जात बदलत नाही. जमिनीत लावले की ते पुन्हा वाढू लागते. छाटणीने आणि मुळांवरच्या बंधनाने पाने लहान होतात, फळ मात्र आपला आकार सोडत नाही. म्हणून हातभर चिंचेला लागलेली पुरती लांब शेंग नवख्याला विलक्षण वाटते. ओळख पटवताना पानाच्या आकारमानावर विसंबू नये. पानांची मांडणी, कोंब, काटे, फळ यांकडे पाहावे.

वड, पिंपळ, उंबर आणि नांदरूक ही चारही झाडे फायकस प्रजातीतली. डहाळीच्या टोकाला कोवळ्या पानावर टोकदार आवरण असते. पान उलगडले की ते गळते आणि डहाळीवर गोल वण राहतो. वर सांगितलेल्या झाडांपैकी एखाद्यावर हा वण दिसला की ते फायकस हे नक्की झाले. पुढचे सोपे आहे. पिंपळाच्या पानाला लांब शेपटी, वडाचे पान रुंद व जाड, नांदरुकाचे लहान व चकचकीत. उंबराची फळे खोडावर आणि जुन्या फांद्यांवर घोसाने लागतात. पाटीवर नुसते ‘फायकस’ लिहिणे अपुरे आहे. ज्या गावांत पारावर वड-पिंपळ उभे आहेत तिथे तरी मराठी नाव लिहायलाच हवे.

करवंदाचे काटे जोडीने येतात, पाने समोरासमोर असतात. सुरूची ‘सुई’ म्हणजे पान नव्हे, ती हिरवी काडी असते. झाडाला हात न लावता कुंडीतल्या शेवाळावर गळून पडलेली एखादी काडी मागून घ्यावी. हलके ओढताच ती सांध्यावर सुटते आणि तिथे साधारण ६ ते ८ बारीक खवल्यांचे कडे दिसते. ते खवले हीच सुरूची पाने.

घडण पाहताना झाडाच्या दर्शनी बाजूला, डोळे खोडाच्या उंचीवर आणून उभे राहावे. आधी बुंध्याशी पसरलेली मुळे, मग वर निमुळते होत गेलेले खोड, शेवटी फांद्या. वाऱ्याने एका बाजूला झुकल्यासारखी घडवलेली झाडे कोकणी माणसाला लगेच कळतात, कारण समुद्राकडच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, वारा आणि पातळ माती झुडपांना तसाच आकार देतात. जांभ्याच्या दगडावर मुळे पसरवलेला वड हा प्रकारही इथे शोभतो. दगड सच्छिद्र असल्याने ओल धरतो, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत पारंब्याही सहज फुटतात.

वयाचा अंदाज खोडाच्या जाडीवरून बांधू नये. काही वर्षे जमिनीत वाढवून मग कुंडीत आणलेले झाड, आयुष्यभर कुंडीत राहिलेल्या तितक्याच वयाच्या झाडापेक्षा कितीतरी जाड असते.